वापस आलेला माल

चहाचा घोट आधी गिळा, मगच पुढचं ऐका. नाहीतर ठसका लागेल. चिखलीच्या बाजारात तीस वर्षं धान्याची आडत करतोय, मला कोणी फसवू शकलं नाही. फसलो तो माझ्याच तोंडानं!

धाकटीच्या साखरपुड्यात मुलाकडच्या एका मावशींनी आमच्या मंडळींना विचारलं, "हे तुमचे वडील का?"

वडील! अहो, मी तिच्याहून फक्त चार वर्षांनी मोठा!

लग्नाला तीन महिने होते. मोबाइलवर शोधलं. चेहऱ्याची लोंबलेली कातडी ओढून घट्ट करतात, त्याला फेसलिफ्ट म्हणतात. ठरवलंच! मांडवात वडील म्हणूनच उभं राहायचं, पण नवरीचे, बायकोचे नव्हे.

"काऊन पण?" बायको म्हणाली. "तोंड काय गोणी हाय, ओढून शिवाले?"

"मी काय डोळे झाकून घेऊन राह्यलो? पहिले माल पाहीन!"

आमच्याकडे परखी असते. टोकदार लोखंडी नळी. पोत्याच्या पोटात खुपसली की आतला दाणा बाहेर येतो. तोंडाशी सोन्यासारखी तूर अन् खाली खडे, असला प्रकार ती एका झटक्यात उघडा पाडते. संभाजीनगरच्या डॉक्टरला मी तशीच परखी लावली.

"भूल कोण देणार? तो डॉक्टर शेवटपर्यंत हजर असतो का? बिघडलं तर काय काय बिघडतं? ज्याचं मनासारखं झालं नाही, अशा एखाद्याचं सांगा!"

डॉक्टरही पक्का माणूस. कातडीखाली रक्त साचू शकतं, नस दुखावली तर ओठ वाकडा होऊ शकतो, जखम चिघळू शकते, सगळं सांगितलं. मी बायकोकडे ऐटीत पाहिलं. पास!

मग डॉक्टर म्हणाले, "आता मी विचारतो. तंबाखू खाता?"

आणि इथंच घात झाला हो! समोरचा मालाबद्दल विचारतोय म्हटल्यावर तीस वर्षांची जीभ आपोआप सुटली. "छे! एकदम साफ माल, साहेब!"

"बीपी?"

"एक नंबर!"

"हृदयाचा त्रास? रोजची काही गोळी?"

"काहीच नाही. गॅरंटी!"

बायको ताडकन उठली. "डॉक्टरसाहेब, यायच्या शर्टाचा खिसा पाहा!"

खिशातून तंबाखूची डबी निघाली.

"दोन सालाखाली हृदयात स्टेंट टाकला हाय. रक्त पातळ करायची गोळी रोज माह्याच हातची घेतात. साफ माल म्हणे!"

परखी मी नेली होती, अन् घुसली माझ्याच पोत्यात!

डॉक्टर आधी पोट धरून हसले. मग गंभीर झाले. "शेठजी, तुम्ही घ्यायला आलात की विकायला? हे लपवून टेबलावर झोपला असतात तर रक्त थांबता थांबलं नसतं. तंबाखूनं कातडीला रक्त पोहोचत नाही, जखम काळी पडते. आणि ती गोळी मनानं बंद केली असती तर हृदयाचं काय? सध्या हे ऑपरेशन तुमच्यासाठी नाही. तंबाखू सोडा, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, मग बघू."

नापास मालाला बाजारात आम्ही एकच शब्द लावतो: वापस! आजवर किती पोत्यांना मी तो ऐकवला असेल? आता मलाच ऐकवला गेला.

पण मी हरलो असं समजू नका हं! परतताना देऊळगाव राजाला बस थांबली, तिथल्या कचऱ्यात डबी फेकली. ती फेकली ती फेकलीच. गावात पेढे वाटले. माल वापस आला म्हणून पेढे वाटणारा आडत्या दुसरा दाखवा मला!

लग्नात सुरकुत्या जशाच्या तशा, पण नवरीचा बाप जिवंत, ताठ, फेटा बांधून मांडवात पुढे. तेवढ्यात त्याच मावशी आल्या, या खेपेला चष्मा लावून.

"मागं चुकलंच माझं. हे तुमचे यजमान ना? तोंडाचं ऑपरेशन केलं म्हणे?"

बायको म्हणाली, "कुठलं, मावशी! डॉक्टरनं पाहिलं अन् वापस केलं. दुसरं गिऱ्हाईक कुठं शोधू? मीच ठेवून घेतलं."