मिठागराच्या कडेने

माझा धंदा जुन्या लाकडाचा. गिरगावात, ठाकूरद्वारला एखादी चाळ पाडायला घेतली की तिची सागवानी दारं, खिडक्या, जिन्याचे कठडे मी उचलतो, आणि ज्यांना नव्या फ्लॅटमध्ये जुनं दार हवं असतं त्यांना विकतो. तीस वर्षं झाली. कुणी बोट धरून शिकवलं नाही. दोन गोष्टी मी मार खाऊन शिकलो. गिऱ्हाईकाने एखाद्या दाराकडे दुसऱ्यांदा बघितलं की आपण दुसरीकडे बघायचं, म्हणजे तो स्वतःहून तोंड उघडतो. आणि बोलणी अडली की उठून चालायला लागायचं. वीस-पंचवीस पावलांत मागून हाक येते.

दुकानात या सवयींनी मला पोसलं. दुकानाबाहेरही त्या माझ्याबरोबर येतात हे मला माहीत होतं, पण त्यात वाईट काय हे कळत नव्हतं.

मला एक धाकटा भाऊ. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा मी दहावीत होतो. पास झालो आणि शाळेचं दप्तर माळ्यावर टाकून लाकडाच्या वखारीत जायला लागलो, कारण दोघांनी शिकणं घराला झेपणारं नव्हतं. तो शिकला. विमा कंपनीत लागला, साहेब झाला, लालबागची खोली सोडून वडाळ्याला चौदाव्या मजल्यावर राहायला गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. खरंच नाही. मला वाटलं ते नंतर. त्याला मोठी बढती मिळाली म्हणून आमच्या चाळीच्या मंडळाने वार्षिक कार्यक्रमात त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि हातात माईक. त्याने आईचे आभार मानले, बाबांचे मानले, शाळेतल्या बाईंचे, ऑफिसातल्या वरिष्ठांचे, मंडळाचे. चाळीत पहाटे पाण्याचा पंप सोडणारा जो म्हातारा होता त्याचेही मानले. मी मागे उभा होतो. खुर्च्या कमी पडल्या म्हणून दोन खुर्च्या हातात घेऊन उभा होतो. तो मला बघत होता आणि माझं नाव आलं नाही.

मी रागीट आहे. पण त्या दिवशी मी ओरडलो नाही. खुर्च्या ठेवल्या आणि घरी गेलो. ओरडलो असतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

दोनेक वर्षांनी त्याने ट्रायथलॉनचं खूळ घेतलं. कोकण किनाऱ्यावर, आमच्या मूळ गावापासून तासाभरावर, ऐन उन्हाळ्यात होणारी शर्यत. आधी खाडीत दोन किलोमीटर पोहायचं, मग घाटातून नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर धावायचं, हे सगळं एका दमात. ऊन, चढ आणि समुद्रावरून येणारा वारा. पन्नाशी गाठलेल्या माणसाने हे का करावं, म्हणून मी त्याची टिंगल केली. आणि आठवड्याभरात स्वतःचंही नाव नोंदवलं.

का नोंदवलं ते मला तेव्हाही स्वच्छ ठाऊक होतं. चौथीच्या सहलीपासून कॉलेजच्या फॉर्मपर्यंत या मुलाला जे जे लागलं ते मी न मागता दिलं. न मागता दिलेल्याची आठवण राहत नाही, असा माझा हिशोब होता. घाटात कुठेतरी त्याचा दम संपेल, माझा संपणार नाही, आणि तो म्हणेल, दादा, थांब, मला हात दे. त्याने माझ्याकडे एकदा तोंडाने काहीतरी मागावं. मला तेवढंच हवं होतं.

आम्हाला शिकवायला दादरची एक मुलगी होती. तिशीतली, बारीक चणीची, स्वतः अशा पाच-सहा शर्यती केलेली. भावाला ती सर म्हणायची आणि मला काका. मी वर्षानुवर्षं ओझी उचललेला माणूस, तिच्या कागदावरच्या वेळापत्रकाला मी काय भीक घालणार? ती तलावात चाळीस फेऱ्या म्हणाली की मी तीसवर आणायचो, आणि सायकलचे चढ सहा म्हणाली की दहावर न्यायचो. पाण्याची मला भीती होती, चढाची नव्हती. सायकल मी सेकंडहँड घेतली होती, घासाघीस करून. ती पहिल्यांदा बघून भाऊ म्हणाला, "दादा, हिला कुठल्या चाळीतून उचललीस?"

"तुझ्या सायकलपेक्षा लाकूड चांगलं आहे हिचं," मी म्हणालो. आम्ही दोघंही हसलो. असे चांगले दिवसही होते, हे सांगायला हवं.

मुंबईत घाट कुठून आणणार? चौपाटीवरून वाळकेश्वरला जो रस्ता वर जातो तो तीन बत्तीपर्यंत चढायचा, वळायचं, उतरायचं, परत चढायचं. वाऱ्यासाठी वरळी. दुपार झाली की तिथे कोळीवाड्याच्या दिशेने जाताना वारा समोरून छातीवर येतो, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास घेऊन. भाऊ माझ्या मागच्या चाकाला चिकटून यायचा, म्हणजे वारा मी खायचा आणि आडोसा त्याला. कोचने सांगितलं होतं की आलटून पालटून पुढे राहा. तो पुढे ये म्हणाला नाही, मी जा म्हणालो नाही. मनात मात्र मांडून ठेवत गेलो.

एप्रिल लागला तसं तिने उन्हाचा सराव काढला. अंगाला उष्णतेची सवय व्हायला भर दुपारी धावायचं, पण थोडं थोडं.

"काका, पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं."

"नव्वद करू."

"चाळीस."

"बरं, सत्तर. तुझं नाही, माझं नाही."

"काका, ही भाजी नाहीये." तिचा आवाज चढला. "नीट ऐका दोघांनी. घाम यायचा थांबला, अंगावर काटा आला, बोलणं अडखळलं, की जिथे असाल तिथे थांबायचं. सावली, पाणी, मला फोन. तहान लागायची वाट बघायची नाही. आणि पाणी आपापलं, भरपूर."

भाऊ मान हलवत होता, शाळेत हलवायचा तशी. मीही ऐकत होतो. मी ऐकलं नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

उन्हाच्या सरावाचा तो पहिला दिवस, रविवार होता. ती एका स्पर्धेसाठी बाहेरगावी गेली होती. आम्ही वरळी केली, वाळकेश्वरचे चढ केले. शेवटच्या उतारावर गतिरोधकावर भावाच्या सायकलची बाटली उडाली आणि रस्त्याच्या कडेला गडगडत गेली. तो थांबला नाही. तिथून वडाळ्याला त्याच्या इमारतीत आलो, सायकली खाली लावल्या आणि लगेच धावायला निघालो, कारण शर्यतीत तसंच करायचं असतं. त्याच्या कमरपट्ट्यात एक छोटी बाटली होती. वर जाऊन दुसरी आणतो म्हणाला. मी म्हणालो, "चाळीस मिनिटांना काय वरात नेतोस?" माझ्या पट्ट्यात दोन होत्या, दोन्ही मीठ-लिंबू घातलेल्या पाण्याच्या.

मिठागरांच्या कडेने जो रस्ता जातो त्यावर झाड नाही. एका बाजूला ट्रक उभे असतात, दुसऱ्या बाजूला वाळलेली खाजणं आणि पांढरी पडलेली जमीन. ऊन डोक्यावरून येतं तसं खालूनही येतं. वारा होता, पण गरम, भट्टीचं तोंड उघडल्यासारखा. वीस मिनिटं झाली तेव्हा वळायचं होतं. मी वळलो नाही. तोही माझ्या मागून येत राहिला. पस्तीस मिनिटांनी वळलो. तोवर त्याची बाटली संपलेली होती. ती उलटी करून शेवटचा थेंब जिभेवर घेताना मी त्याला बघितलं होतं.

परतीच्या वाटेवर तो माझ्या बरोबरीने आला आणि त्याने माझ्या पट्ट्याकडे बघितलं. एक बाटली रिकामी, एक गच्च भरलेली. थोडं पुढे गेल्यावर त्याने पुन्हा बघितलं.

मी मिठागराकडे बघायला लागलो.

मला त्याचा टी-शर्ट दिसत होता. सकाळी तो ओलाचिंब होता. आता कोरडा होता आणि त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उठल्या होत्या. त्याच्या दंडावर काटा आला होता, भर उन्हात. हे सगळं मी बघितलं. आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं? माग. फक्त माग एकदा. दादा, पाणी दे. तीन शब्द आहेत.

"दम लागला?" मी विचारलं.

"नाही." मग बऱ्याच वेळाने, जीभ जड झाल्यासारखा, "तू... हो पुढे. मी येतो."

एवढं झालं तरी मागणार नाही. माझं टाळकं सणकलं. "बरं," म्हणालो आणि वेग वाढवला. वीस पावलं. पंचवीस. मी पावलं मोजत होतो, कान मागे लावून. तीस. चाळीस. मला खात्री होती की हाक येईल. एक ट्रक भोंगा वाजवत गेला, त्यात ऐकू आलं नसेल म्हणून आणखी थोडा गेलो. किती गेलो ते नक्की सांगता येत नाही. वळून बघितलं तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं.

तो रस्ता सोडून खाली खाजणाच्या उतारावर पडला होता. डोळे अर्धवट उघडे, अंग तव्यासारखं तापलेलं. मी भरलेली बाटली काढली आणि त्याच्या डोक्यावर, तोंडावर, छातीवर ओतली. सगळी. एका ट्रकवाल्याने उतरून त्याचे पाय धरले आणि आम्ही त्याला ट्रकच्या केबिनमध्ये घातला.

तो वाचला. आधी मूत्रपिंडांचं अवघड झालं होतं, ती हळूहळू सावरली. डोक्यात जे बिघडलं ते पुरतं सावरलं नाही. चालताना तो आता डावी-उजवीकडे झुकतो, भिंतीला हात लावत चालतो. शब्द जड येतात, एकमेकांना चिकटलेले. डॉक्टर म्हणाले, आहे यातलं थोडं सुधारेल. माईक हातात धरून बोलणं आता त्याला जमणार नाही.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर त्याच्या बायकोने मला एकच विचारलं होतं. "भावोजी, पाणी संपलं होतं का?"

"हो," मी म्हणालो. "दोघांचंही."

कोचला फोनवरही तेच सांगितलं. ती म्हणाली, "चाळीस मिनिटंच धावलात ना?" मी फोन ठेवला. शर्यत आली आणि गेली. मी गेलो नाही. सायकल गोदामात दारांच्या मागे उभी आहे.

तो घरी आल्यावर महिन्याभराने मंडळातली चार माणसं त्याला भेटायला वडाळ्याला आली. मीही होतो. दर रविवारी असतोच, त्याला पॅसेजमध्ये चालवायला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग भावाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्याला काहीतरी सांगायचं होतं. एकेक शब्द ओढून काढत होता, आणि सगळे माना पुढे करून ऐकत होते.

"मी... दादामुळे... आहे," तो म्हणाला. "मला काही आठवत नाही. एवढंच आठवतं. दादाचं तोंड वर. आणि पाणी. दादाने सगळं पाणी ओतलं. खारट होतं... ओठाला लागलं. सत्काराच्या वेळी राहिलं... बोलायचं. बघितलं दादाकडे आणि... गळा भरून आला. आता सांगतो."

मंडळाच्या सेक्रेटरीने माझ्या पाठीवर थाप मारली. "असा भाऊ पाहिजे," म्हणाला. बाकीचे हो हो करत राहिले.

त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मीठ-लिंबाचं पाणी त्या रविवारी सकाळी माझ्या बाटल्यांत तिनेच भरून दिलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं. ट्रे टेबलावर ठेवला, एकेकाला कप दिला, आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. मला दुसरीकडे बघायचं होतं. खिडकीतून खाली मिठागरं दिसतात, तिकडेही बघता येईना.

मंडळी लिफ्टने खाली गेली. भाऊ आत जाऊन आडवा झाला होता. ती कप गोळा करत होती.

"संपलं होतं म्हणालात," ती हळू आवाजात म्हणाली.

"नव्हतं संपलं."

"किती होतं?"

"एक बाटली. भरलेली."

"आणि तो मागत होता?"

"नाही," मी म्हणालो. "मागत नव्हता." हे सांगताना माझ्या आवाजात तो जुना राग आला. मला तो ऐकू आला आणि तिलाही आला असणार.

तिने कप ट्रेमध्ये ठेवले. "त्याला सांगू नका," ती म्हणाली. "त्याच्याकडे आता बोलण्यासारखं तेवढंच आहे. पण माझ्या हातचं पाणी तुम्हाला मिळणार नाही."

मी अजून दर रविवारी जातो. त्याचा डावा हात माझ्या खांद्यावर, उजवा भिंतीवर, असं आम्ही पॅसेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. त्याला तहान लागली की तो आता सरळ सांगतो, "दादा, पाणी." मी आणतो. स्वयंपाकघरात ती असली तर बाजूला होते. कुणी नवीन भेटायला आलं की तो मला जवळ बोलावून खारट पाण्याचं सांगतो, पहिल्यापासून, आणि ते संपेपर्यंत मी तिथे उभा राहतो.