रंगाखालचा पत्रा

ओव्हिला मिशोची लाल पिकअप सेंट जॉन नदीच्या खोऱ्यात सगळ्यांना माहीत होती, कारण ती फेब्रुवारीतही धुतलेली असे. बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाने बाकीच्यांच्या गाड्यांची चाळण झालेली, आणि हा गृहस्थ रविवारी चर्चमधून आला की कोमट पाण्याची बादली घेऊन चाकांच्या आतलं मीठ काढत बसायचा. बायको लॉरेट म्हणायची, "माझे गुडघे कधी एवढे शेकून दिले नाहीत." त्यावर तो नुसता हसायचा.

त्याचंही फार चुकत नव्हतं म्हणा. उभा जन्म त्याने दुसऱ्यांचे ओंडक्यांचे ट्रक हाकले. स्वतःची म्हणून जी जी गाडी घेतली ती तिसऱ्या-चौथ्या हातची, आणि प्रत्येकीला गंजाने खाल्लं. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा कोरी गाडी दारात उभी राहिली. तिला तो तळहातावरच्या फोडासारखी जपायचा.

जंगलरस्त्यावर त्याला 'बिशप' म्हणत. रेडिओवर तो आपला मैल प्रार्थना म्हटल्यासारखा सावकाश, स्पष्ट सांगायचा, आणि कधी चुकायचा नाही. तिथला रस्ता एका गाडीपुरता, दोन्हीकडे बर्फाचे पुरुषभर बांध. भरलेला ट्रक उतारावर थांबवता येत नाही, म्हणून वर जाणाऱ्या रिकाम्या गाडीने वेळेत बाजूला घ्यायच्या जागेत शिरायचं. झाडांवर मैलांच्या पाट्या ठोकलेल्या. आपली पाटी आली की प्रत्येकाने गाडीतल्या सीबी रेडिओवर, रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी, ती सांगायची. उत्तर कुणी देत नसे. सांगितलं म्हणजे ऐकलं, एवढ्या भरवशावर सगळ्यांचे जीव चालत.

घरी बसवेना म्हणून ओव्हिलाने वरच्या लाकूडतोडीच्या तळावर सुटे भाग पोचवायचं काम धरलं, आणि पिकअपला रेडिओ हवा झाला. अँटेना बसवायला लेक आली, नॅडीन. ती आता बापाच्याच जुन्या रस्त्यावर ओंडक्यांचा ट्रक चालवायची. त्या रस्त्यावरची एकटी बाई, आणि हट्टाला बापाच्या वरताण.

तिने हौद्याच्या काठावर अँटेनाची पट्टी धरून पाहिली आणि खिशातून कानस काढली.

"हे कशाला?" ओव्हिलाने विचारलं.

"अर्थिंगला, पपा. पट्टी उघड्या पत्र्याला टेकली पाहिजे. नखाएवढा रंग जाईल, बस."

"आज नखाएवढा. मार्चपर्यंत तळहाताएवढा गंज."

"वरून ग्रीस फासते ना."

"तुझं ग्रीस ठेव तुझ्या ट्रकला. माझ्या गाडीला कानस लागायची नाही."

"अहो, अर्थिंग नसेल तर तुम्हाला सगळ्यांचं ऐकू येईल, पण तुमचं कुणाला येणार नाही. कसं वाटतं ते आईला विचारा. तिचं या घरात तेच चाललंय."

"मला कशाला मधे ओढता!" खिडकीतून लॉरेट ओरडली, पण हसत होती.

ओव्हिला मात्र हसला नाही. त्याने लेकीच्या हातातून कानस हिसकावून घेतली. नॅडीनचा चेहरा उतरला. हातमोजे तिने बर्फात आपटले.

"बसा मग स्वतःशीच बोलत," ती म्हणाली, आणि निघून गेली. तव्यावर तिच्यासाठी टाकलेली कुटूची धिरडी तशीच राहिली.

मग या शहाण्याने काय करावं? पट्टीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. बोल्टांनाही रबराच्या चकत्या. रंगावर एक ओरखडा नाही! अँटेना ताठ उभी राहिली. त्याने गाडीतून माइक दाबला, आणि स्वयंपाकघरातल्या रेडिओपाशी बसलेली लॉरेट म्हणाली, "येतंय, येतंय ऐकू. ओरडू नका." अंगणातून नुसती हाक मारली असती तरी तिला ऐकू गेली असती, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

त्याच आठवड्यात तळावरच्या एका यंत्राची तेलाची नळी फुटली. नवी नळी घेऊन ओव्हिला सकाळीच निघाला. आकाश स्वच्छ, रस्ता काचेसारखा गोठलेला.

"रिकामी, मैल आठ, वर," त्याने बिशपच्या आवाजात सांगितलं.

थोड्याच वेळात रेडिओवर लेकीचा आवाज आला. "भरलेली, मैल सोळा, खाली."

त्याला बरं वाटलं. नवव्या मैलाला बाजूला घ्यायची जागा होती, पुढची थेट बाराव्याला, मधे लांब चढ. खाली येणाऱ्याने आपलं ऐकलं असेल तर तो वरच जरा दमाने घेतो आणि आपल्याला बाराव्यापर्यंत पोचू देतो, ही तिथली रीत. ओव्हिलाने आपला नऊ सांगितला आणि ती जागा मागे टाकून पुढे गेला.

"भरलेली, मैल चौदा, खाली."

एवढ्यात चौदा? पोरगी दमाने घेईना. तोंड फुगवून बसली आहे अजून, त्याला वाटलं. बापाला धडा शिकवायला निघाली आहे. तो चिडला. "रिकामी, मैल दहा, वर," त्याने एकेक शब्द चावून सांगितला, आणि चढाला लागला.

तेवढ्यात खालच्या फाट्यावरून बूशार नावाच्या ड्रायव्हरने विचारलं, "नॅडीन, रस्त्यात कुणी आहे का गं?"

"कुणी नाही," ती आरामात म्हणाली. "सकाळपासून एक आवाज नाही. रस्ता माझ्या एकटीचा."

ओव्हिला लेकीला ओळखून होता. रुसलेली नॅडीन जेवण टाकून जाईल, महिनाभर बोलणार नाही, पण रस्त्यावर खोटं बोलणार नाही. तिला तो ऐकूच जात नव्हता.

"नॅडीन! मी आहे! चढावर आहे!" त्याने माइक तोंडाला चिकटवला. "थांब, पोरी, थांब!"

"भरलेली, मैल बारा, खाली," ती म्हणाली. मधे कुठे गाणंही गुणगुणत असावी.

मागे नवव्यापर्यंत बर्फावरून उलटं जाणं शक्य नव्हतं. डावीकडे बांधापलीकडे ओढ्याची घळ. उजवीकडे बांध आणि त्यामागे स्प्रूसची दाट झाडी. वळणाआडून ब्रेकची घरघर ऐकू आली. ओव्हिलाने उजवीकडे चाक फिरवलं आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. गाडी बांधात घुसली, पण शेपूट रस्त्यावरच राहिलं. मागे घेतली, पुन्हा घातली. फांद्या पत्र्यावरून करकरत गेल्या, काच बर्फाने झाकली, आणि लाल पिकअप आख्खी झाडीत जाऊन कलली.

भोंगा वाजला. ओंडक्यांचा डोंगर मागच्या बंपरपासून हातभर अंतरावरून गेला. गाडी थरथरली.

"पपा?" रेडिओवर आवाज फाटला होता. "ती तुमची गाडी होती? पपा!"

"मी ठीक आहे," तो म्हणाला.

"पपा, लागलं का? उतार संपल्याशिवाय मला थांबता येत नाही. बोला ना!"

"ठीक आहे गं मी!"

"अजून रागावलाय का? नंतर रागवा हवं तेवढं. आत्ता बोला. पपा, एक शब्द बोला!"

ती रडत होती. लहानपणी पडली तरी न रडणारी पोरगी त्याच्या कानाशी रडत होती, आणि त्याचा आवाज या पत्र्याबाहेर पडत नव्हता.

तो डाव्या दाराने उतरला. अवजारपेटीतून पाना काढला, बोल्ट ढिले केले, ट्यूबचा तुकडा ओढून भिरकावून दिला. मग चाकू उघडला आणि हौद्याच्या काठावरचा लाल रंग खरवडायला लागला. बोटं बधिर होत होती, चाकू निसटून अंगठा कापला, तरी थांबला नाही. आतून तिचा आवाज येतच होता. शेवटी नखाएवढा नाही, तळहाताएवढा पत्रा लख्ख उघडा पडला. त्यावर पट्टी ठेवून त्याने बोल्ट आवळले.

आत येऊन माइक उचलला तेव्हा त्याचा बिशप कुठल्या कुठे पळाला होता.

"नॅडीन," तो म्हणाला. "रंग खरवडला."

रेडिओवर नाक ओढल्याचा आवाज आला.

"ऐकलं, पपा," ती म्हणाली. "पुन्हा सांगा."

त्याने पुन्हा सांगितलं.