आईच्या वाट्याची गाडी

आमच्या वडिलांना गाडी नको होती. त्यांनी गाडी घेतली असं लोकांनी म्हणायला हवं होतं, एवढंच. गाडी हवी होती आईला, आणि तीही एकाच कामासाठी. मंडणगडकडच्या तिच्या माहेरी जायला.

परसात विहिरीपाशी घसरून तिचा खुबा मोडला होता. ऑपरेशन करून आत सळी घातली, पण पाय पूर्वीसारखा झाला नाही. एसटीची पायरी तिला चढता येईना. भाड्याची जीप करू म्हटलं की वडील म्हणत, "तुझ्या माहेरी काय मंत्री येणारेत, जीप करून जायला?" मामा तिच्यापेक्षा पुष्कळच धाकटा. आजी लवकर गेली, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं आईनंच केलेलं. पूर्वी तो गणपतीत येऊन जायचा. वडील त्याला सगळ्यांदेखत विचारायचे, "काय, बायकोला विचारून आलास ना?" आणि स्वतःच हसायचे. मग त्यानं येणं सोडलं. आता बहीण-भावाची भेट व्हायची तर आईनंच जायला हवं होतं, आणि आई तर घराच्या पायऱ्यासुद्धा धरून धरून उतरत होती.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. पेट्रोलवर आणि गॅसवर, अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या कंपनीतूनच तयार होऊन यायला लागल्या होत्या. दोन कंपन्यांच्या जाहिराती पेपरात रोज समोरासमोर भांडत असत. बांधकाम खात्यात सरकारी जीपमध्ये बसून वडिलांचा जन्म गेला होता. गाडी म्हणजे दुसऱ्याच्या खर्चानं पळणारी वस्तू, अशी त्यांची पक्की समजूत. गॅसवर निम्म्या खर्चात पळते हे वाचलं आणि त्यांचे डोळे चमकले. चालवणार अर्थात मी. मी जिल्हा परिषदेत नोकरीला होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि लायसन घरात माझ्या एकटीकडेच होतं. वडिलांच्या हिशेबी ही तिन्ही माझी व्यंगंच होती.

पहिलं शोरूम एमआयडीसीतलं. काचेचं दार, आत गारवा, फरशी इतकी चकचकीत की आईनं दाराबाहेर चपला काढल्या. सेल्समननं त्या चपलांकडे बघितलं. वडील म्हणाले, "राहू दे, देवळात आल्ये ती." तो पोरगेला सेल्समन दात काढून हसला. माझा हात शिवशिवला, पण मी आईच्या चपला उचलून आत आणल्या आणि तिच्या पायांत सरकवल्या.

वडील येताना आंब्याची एक रिकामी पेटी घेऊन आले होते. परगावच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल, पण रत्नागिरीत गाडी अशीच बघतात. इंजिन, मायलेज, रंग हे सगळं मागाहून. आधी डिकी उघडायची आणि विचारायचं, पेट्या किती बसतात? आमची चार कलमं होती, आणि त्यांचे आंबे घरात कोणी पोटभर खाल्लेले मला आठवत नाहीत. दर सीझनला ते मुंबई-पुण्याच्या जुन्या साहेबांकडे जायचे. साहेब निवृत्त झाले, काही वर गेले, तरी त्यांच्या घरी पेटी जायचीच.

"सर, ही म्हणजे आपली हायब्रीडच समजा," सेल्समन म्हणाला. "दोन्हीवर चालते."

"हायब्रीड म्हणजे आमच्या त्या माडासारखी? लवकर धरतो आणि लवकर मरतो?"

"नाही हो सर, हिला काही होत नाही."

"आणि गॅस कुठे भरायचा? इथे पंप कुठाय?"

"येतोय ना सर. हायवेला येतोय. दिवाळीपर्यंत शंभर टक्के."

कुठली दिवाळी हे त्यानं सांगितलं नाही. आमच्याकडे ती गाडी होती तोवर पंप आला नाही. पण हे पुढचं.

गाडी उंच होती. मी दार उघडलं आणि आई खुर्चीवर टेकावी तशी आत बसली. पाय उचलून आत घेतला, पुन्हा बाहेर काढला आणि आपली आपण उभी राहिली. कुणाचा हात न धरता. तिनं ते दोनदा करून बघितलं. दुसऱ्या वेळी हसली. त्या खुब्यानंतर मी तिला असं हसताना पहिल्यांदाच बघत होते. मागे वडील डिकीत पेटी घालत होते. गॅसच्या टाकीनं जागा खाल्ली होती, पेटी आडवी राहीना. "तिरकी राहिली की आंबा चेपणार," एवढंच त्यांनी या गाडीबद्दल म्हटलं.

मग पैशांचा विषय निघाला. कर्ज नको, हे वडिलांचं ठरलेलं. सेल्समननं सहज विचारावं तसं विचारलं, "काकींचं माहेर कुठलं?" आईनं कौतुकानं सांगितलं. मंडणगडकडचं गाव, उतारावरची काजूची बाग, एकच भाऊ. तिला वाटलं, हा आपल्या माणसांची चौकशी करतोय.

"मग सर, काकींचा वाटा आहे की तिथे! आता कायदाच आहे. आमच्याकडे गेल्या महिन्यात एक काकी अशीच गाडी घेऊन गेल्या. तिकडे जागेला मुंबईची गिऱ्हाइकं उभीच आहेत."

इतक्या गोड आवाजात कुणी कुणाचं घर मोडताना मी तरी ऐकलेलं नाही. आमच्या भागात बहीण वाटा मागत नाही. ती हक्कसोडीवर सही करते आणि त्या बदल्यात माहेर राखते. येणं-जाणं, ओटी, परतताना पिशवीत घातलेले नारळ, कुळीथ, काजूगर. हा व्यवहारच आहे, उगाच त्याला प्रेम म्हणू नये. पण तो जन्मभर पाळतात. आईची सही मात्र कधी झालीच नव्हती. मामानं कागद पुढे केला नव्हता, कारण त्याला तशी गरजच वाटली नव्हती.

दुसऱ्या कंपनीचं शोरूम कोल्हापूरला. रत्नागिरीत त्यांचं एक टेबल होतं आणि एक माणूस. त्या माणसानं रविवारी गाडी थेट आमच्या फाटकाशी आणली. लांबलचक, बसकी, मागे भलीमोठी डिकी. "बसा की काकी, घरचीच गाडी समजा," तो म्हणाला. आई वाकली आणि शेवटी धपकन आत पडली. उठायची वेळ आली तेव्हा तिला उठता येईना. गुडघे वर आणि कंबर खाली. तिनं दाराला धरून जोर लावला, तोंड लालबुंद झालं. शेवटी मी आणि त्या माणसानं तिला काखेत हात घालून ओढून काढलं.

"चिखलात रुतलेली म्हैस काढावी तशी काढली," वडील म्हणाले. तो कोल्हापूरवाला मनापासून हसला. गिऱ्हाईक हसतं तेव्हा हसायचं, हे त्याला पगारात शिकवलेलं असणार. मग वडिलांनी पेटी आणली. गॅसची टाकी असूनही ती डिकीत आडवी, सपाट बसली. तिच्या शेजारी आणखी बसणार हे दिसतच होतं. वडिलांनी डिकीवर हात फिरवला. आईच्या पाठीवरून असा हात फिरलेला मी कधी बघितला नव्हता.

त्या रात्रीपासून घरात एकच विषय, आईचा वाटा. आई म्हणत होती, "माहेर तुटेल हो माझं."

"तुटेल कसं? किती वर्षांत गेली नाहीस तिथे? जे नाहीच ते तुटेल कसं?" वडील म्हणत.

आई ताटांत वाढत राहिली. उत्तर मी दिलं. वडिलांनी मला सांगितलं की ज्या बाईला सासरच नाही तिनं माहेराविषयी बोलू नये. मी ताट तसंच टाकून उठले. त्यांनी माझ्या ताटातली माशाची तळलेली तुकडी उचलून खाल्ली.

आई शेवटी कशानं वळली ते मला नंतर कळलं. तिनं मनाशी एक हिशेब मांडला होता. वाटा मागितला की भाऊ रागावणार, हे तिला ठाऊक होतं. पण गाडी आली की आपण स्वतः जाऊ, त्याच्या समोर बसू, समजावू. तो समजून घेईल, आपणच वाढवलाय त्याला. रागावलेल्या भावाला समजवायला गाडी हवी, आणि गाडीसाठी भावाला रागावून घ्यायचं. तिला यात काही उलटं दिसलंच नाही. तिनं वडिलांना एकच अट घातली, "गाडी ती उंचच घ्यायची."

"तुझीच गाडी. तू म्हणशील ती," वडील म्हणाले. एमआयडीसीतल्या शोरूममध्ये त्यांनी माझ्यादेखत बुकिंगही केलं.

वाटा मागितल्यावर मामानं एका शब्दानं भांडण केलं नाही. आईचा वाटा पैशात द्यायला काजूची बाग मुंबईच्या एका माणसाला विकली आणि सह्यांसाठी रत्नागिरीला आला. घरी आलाच नाही, थेट कचेरीत. आईनं पहाटे उठून घावन केले होते, नारळाचा रस केला होता, डबा मांडीवर घेऊन ती बाकावर बसली होती. "खाऊन घे रे, लांबनं आलास."

"आज उपास हाय माझा."

"कसला उपास?"

मामा कागदांकडे वळला. उपासाच्या दिवशी मुद्दाम मासे मागणारा तो माणूस. सह्या झाल्या, त्यानं रुमालानं बोटं पुसली आणि स्टँडकडे चालायला लागला. आई डबा घेऊन रिक्षात बसली. घरी येऊन वडिलांनी घावन खाल्ले आणि रस कमी गोड झालाय म्हणाले.

गाडी आली त्या दिवशी मी ऑफिसात होते. संध्याकाळी येऊन बघते तर फाटकात हार घातलेली, नाकावर स्वस्तिक काढलेली ती लांबलचक बसकी गाडी. आई ओसरीवर कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. तिला वाटलं होतं, उंच गाडी मागून येत्ये. वडील म्हणाले, त्या गाडीला वेटिंग होतं, सहा महिने लागले असते, म्हणून ही घेतली.

मी तिथल्या तिथे फोन लावला. एमआयडीसीतला पोरगा म्हणाला, "नाही मॅडम, गाडी तर येऊन उभी होती. सरांनीच कॅन्सल केली. डिकीचा प्रॉब्लेम म्हणाले."

मी ते आईसमोर, मोठ्यानं, शब्दन् शब्द सांगितलं. वडील जराही ओशाळले नाहीत. "मग? माहेरी वर्षातनं एकदा जायचं. पेट्या दर सीझनला जातात. कशाची सोय बघायची?" मला तेव्हा त्यांचा जो राग आला तो अजून आहे. ते गेले, त्यांचं सगळं रीतसर केलं, तरी आहे.

आईनं गाडीला कुंकू लावलं. "असू दे गो," मला म्हणाली. "बसायचं तर नुसतं पडायचंय आत. उतरायला तिथे माझी माणसं आहेत."

आम्ही दोघीच गेलो. वडिलांना त्या गावात काही काम नव्हतं. गॅसची टाकी अर्थात रिकामी, पेट्रोल जाळत आणि ते लोखंड वाहत आम्ही हायवेनं खेड गाठलं आणि मंडणगडच्या चढाला लागलो. आई वाटभर बोलत होती. मामीसाठी घेतलेली साडी तिला आवडेल का, मामाला आधी काय सांगायचं, त्यातलं काय घरात सांगायचं आणि काय परसात. "मी सांगेन त्याला, माझ्या मनात नव्हतं. तो म्हणेल, मग सही का केलीस? मी म्हणेन, तुला भेटायला." ती हे पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती, परीक्षेला जाणाऱ्या मुलीसारखी.

गावात शिरताना उतारावर काजू नव्हते. तोडून जागा मोकळी केली होती, तारेचं कुंपण घातलं होतं. आईनं काच खाली करून बघितलं. मी गाडी थेट मामाच्या दारापुढच्या खळ्यात नेऊन उभी केली. मामी पडवीत सुपारी फोडत बसली होती. तिनं आमच्याकडे बघितलं, अडकित्ता खाली ठेवला आणि आत गेली. मामा बाहेर आला आणि पायरीवरच उभा राहिला.

मी उतरून आईच्या बाजूचं दार उघडलं. तिनं दोन्ही पाय बाहेर काढले, पदर सारखा केला आणि मामाकडे हात पुढे केला.

"हात दे रे जरा. मला एकटीला उठता येत नाय यातनं."

मामानं गाडीकडे बघितलं. पुढून मागेपर्यंत, सावकाश. आवाज चढवला नाही.

"ताय, तू तुझ्या वाट्यातच बसलंयस की. उतरायचं कशाला?"

आणि तो घरात गेला. दार त्यानं लावलं नाही, नुसतं लोटलं.

मी तिला काढू शकले असते. मी वाकून तिच्या काखेत हात घातलाही. तिनं तो बाजूला केला. तिचा हात अजून पायरीच्या दिशेनंच होता.

"थांब जरा," ती म्हणाली. "येईल तो."