मापाडी काकांचा कान

मापाडी काकांना कुठलाही आकडा सांगितला की ते आधी विचारायचे, "कुणी मोजलं?" आकडा कशाचाही असो. पालमहून गंगाखेड इतके किलोमीटर आहे म्हटलं तरी तेच, नातवाच्या अंगात इतका ताप आहे म्हटलं तरी तेच. डॉक्टरांचा थर्मामीटर त्यांनी एकदा आधी स्वतःच्या काखेत घालून बघितला होता आणि मगच नातवाला लावू दिला होता. जन्मभर मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, काट्याजवळ उभं राहून पोत्यांची वजनं करणाऱ्या माणसाला लबाडी कुठून शिरते हे माहीत असणारच. पण काकांचा संशय कामापुरता नव्हता, तो अंगात मुरलेला होता. मोंढ्यातले लोक त्यांना माघारी 'शक्की' म्हणायचे. काकांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

मोंढ्याच्या मागे एक पडीक गुदाम होतं. तिथे ते आम्हा सात-आठ जणांना पॉवरलिफ्टिंग शिकवायचे. हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बार खांद्यावर घेऊन खाली बसायचं आणि उठायचं, तो स्क्वॉट. पाठीवर झोपून छातीवरून बार वर ढकलायचा, तो बेंच. जमिनीवरून उचलायचा, तो डेडलिफ्ट. प्रत्येकाला तीन-तीन संधी. एका प्रकारातल्या तिन्ही संधी वाया गेल्या की स्पर्धेतून सरळ बाहेर, मग बाकी तुम्ही काय उचलता हे कुणी विचारत नाही. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वडील कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. राज्य स्पर्धेत पदक मिळालं तर खेळाडूंच्या जागेवर नोकरी मिळू शकते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि त्या भरवशावर त्यांनी मला दोन वर्षं दिली होती. दोन वर्षांनी पाहुणे बघायला येणार हे न बोलता ठरलेलं होतं. त्यातलं दुसरं वर्ष चालू होतं.

अमावास्येला मोंढा बंद असायचा. त्या दिवशी काका बारला लावायच्या सगळ्या लोखंडी प्लेटा हातगाडीवर घालून धान्याच्या काट्यावर न्यायचे. वीस किलोची म्हणून आलेली प्लेट एकोणीस किलो सहाशे ग्रॅम भरली की त्यांचा चेहरा खुलायचा. त्यांना जे वाटत होतं तेच निघालं, याचा तो आनंद. मग मागच्या बाजूला खडूने खरं वजन लिहायचे आणि आम्हाला जवळ बोलावून वाचायला लावायचे. छापलेल्या आकड्यावर विसंबून राहणाऱ्या माणसाबद्दल त्यांना मनापासून कीव यायची.

आम्ही वजन उचलत असताना ते आमच्याकडे बघायचे नाहीत. पाठ करून उभे राहायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, मुलगी आहे म्हणून संकोच करत असतील. तसं काही नव्हतं. ते ऐकायचे. माणूस जोरात उठला की वर पोचल्यावर बार थरथरतो आणि प्लेटा खणकन वाजतात. कसाबसा उठला तर प्लेटा आवाज करत नाहीत. "डोळ्याला फसवता येतं," काका म्हणायचे, "तोंड वाकडं करा, न्हाईतर हसत उचला, बगणाऱ्याला काय कळतंय. प्लेट वाजली तर ताकद शिल्लक हाय. मुकाट आली तर संपली." तेवढ्या आवाजावरून ते दुसऱ्या दिवशीचा आकडा ठरवायचे आणि तो चुकलेला मी पाहिला नव्हता.

जास्तीत जास्त किती उचलता येतं, हे आजमावून बघायची परवानगी मात्र वर्षातून दोनदाच. एकदा सोयाबीन निघाल्यावर, एकदा ज्वारी निघाल्यावर. मधे कुणी कितीही गयावया केली तरी नाही. पोरं मोबाईलवर दाखवायची की काका, हे बघा, हा दर आठवड्याला नवा आकडा टाकतोय. काका मोबाईल लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, ह्याच्या प्लेटा कुणी तोलल्या. एकदाच त्यांनी कारण सांगितलं होतं. तरुणपणी ते मोंढ्यात ताकदीसाठी नावाजलेले होते. बाजारच्या दिवशी लोक जमायचे, आज किती म्हणायचे आणि काका दर बाजारी आदल्या बाजारापेक्षा जास्त उचलून दाखवायचे. एका बाजारी कंबरेत काहीतरी सटकलं आणि तिथून पुढे ते वाकून चप्पलसुद्धा घालू शकले नाहीत. पायानेच चाचपून घालायचे. "ताकद वाढवायचे दिवस मी दाखवण्यात घालवले," एवढंच म्हणाले.

आम्ही नियम पाळतो यावर त्यांचा अर्थातच विश्वास नव्हता. मी दहाला झोपते असं सांगितलं तर ते आमच्या घरी यायचे, चहा घ्यायचे आणि आईला विचारायचे, पोरगी किती वाजता झोपती. आई म्हणायची दहा. मग ते धाकट्या भावाला वेगळं बोलावून विचारायचे. दर सोमवारी प्रत्येकाला एक प्रश्न ठरलेला, कुठं मोजून आलास का, म्हणजे दुसरीकडे जाऊन आकडा काढून बघितलास का. आम्हाला हसू यायचं आणि रागही यायचा.

आता माझं सांगते. काका शक्की होते, पण मीही काही कमी नव्हते. काकांचा संशय निदान काट्यावर तपासून तरी घेतलेला असायचा. माझा घरी बसून वाढवलेला. झालं असं की दसऱ्याच्या आधी एका सकाळी मी लवकर गेले, तर गुदामाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून बघते तो आत वैशाली. माझ्याच वजनगटातली, माझ्याहून वर्षाने लहान. काका तिचा जास्तीत जास्त आकडा काढत होते. सोयाबीन अजून उभं होतं, म्हणजे हे नियम मोडून चाललं होतं, आणि तेही शटर पाडून. मी तशीच मागे फिरले. वर्षभर मला इकडचं तिकडे होऊ न देणारा माणूस तिला चोरून तयार करतोय, राज्य स्पर्धेला माझ्या जागी तिला न्यायचा बेत आहे, हे मी घरी पोचेपर्यंत पक्कं केलं होतं. आठ दिवसांनी वैशाली दिसेनाशी झाली. कळलं की आईबापासोबत ऊसतोडीला गेली. मी मनात म्हटलं, ऊस कसला, परभणीला नेऊन ठेवली असेल कुठेतरी. ती सहा महिने जाणार म्हणून काकांनी तिचं माप आधी घेतलं आणि बाकीच्यांनी हट्ट धरू नये म्हणून शटर पाडलं, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. शिरू द्यायची नव्हती, असं म्हणा.

दिवाळीनंतर माझं माप झालं. स्क्वॉटमध्ये एकशे पाच निघाले. स्पर्धा जानेवारीच्या शेवटी होती. डिसेंबरमध्ये मी काकांना म्हटलं, एकदा बघू या ना, कितीवर आलेय ते. काका म्हणाले, "आत्ता पेरलंय, माय. उकरून बगू नको." मला त्यात डाव दिसला. मला माझा आकडा कळू द्यायचा नाही, म्हणजे ऐनवेळी कमी सांगून मागे ठेवता येईल.

मग मी घरी स्पर्धा परीक्षेचा क्लास लावला असं सांगितलं आणि रविवारी सकाळच्या एसटीने परभणीला जायला लागले. तिथे चारी भिंतींना आरसे लावलेली एक जिम होती. तिथला मालक म्हणायचा, मॅडम, दर आठवड्याला मॅक्स मारायचा, त्याशिवाय भीती जात नाही. पहिल्या रविवारी एकशे दहा उठले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मालकाने व्हिडिओ काढला. एसटीत बसून मी काकांना मनातल्या मनात खूप सुनावलं. दुसऱ्या रविवारी एकशे दहा उठले नाहीत. तिसऱ्या रविवारी एकशे साडेसातही नाहीत. मी तिथल्या प्लेटांवर संशय घेतला, बसच्या धक्क्यांवर घेतला, आईच्या भाकरीवर घेतला. पाचव्या रविवारी एकशे दोन कसेबसे वर आले आणि कंबर भरून आली. इतकं होऊनही आपण कुठे चुकतोय, असं मला एकदाही वाटलं नाही. कमाल आहे की नाही?

त्यानंतरच्या सोमवारी काका माझ्याकडे पाठ करून उभे होते. मी नेहमीचं हलकं वजन घेऊन बसले, उठले. प्लेटा वाजल्या नाहीत. काका वळले.

"माय, तुझ्या प्लेटा मुकाट यायल्यात. कुठं मोजायलीस का?"

"नाही, काका."

आता ते आईला विचारणार, भावाला विचारणार, क्लासचा पत्ता काढणार, असं मला वाटलं. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. पण काका "बरं" म्हणाले आणि गेले. त्या दिवशी ते आमच्या घरी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी अमावास्या नसताना त्यांनी सगळ्या प्लेटा काट्यावर नेल्या. बार काढून दुसरा लावला. जमीन सपाट आहे का ते पाण्याची बाटली आडवी ठेवून बघितलं. मग कोपऱ्यात जाऊन कानात करंगळी घालून जोरजोरात हलवत उभे राहिले. मला ते बघून हसू आलं होतं. आज आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

राज्य स्पर्धेत पहिलं वजन काकांनी साडेसत्त्याण्णव लिहून दिलं. झोपेतून उठून उचलशील, म्हणाले. मी सभागृहात वैशालीला शोधत होते. ती नव्हतीच, कुठून असणार? मी बार घेतला, खाली बसले आणि वर येईना. कंबर धरली होती. दुसऱ्या वेळी भीतीने पुरती खाली बसलेच नाही, पंचांनी लाल दिवे दाखवले. तिसऱ्या वेळी अर्ध्यात अडकले आणि मागच्या माणसांनी बार धरला. संपलं. बेंच नाही, डेडलिफ्ट नाही. वडील तिसऱ्या रांगेत बसले होते, ते उठून पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले ते लवकर आत आले नाहीत.

परतीच्या बसमध्ये काका वडिलांशेजारी बसले. मी मागच्या सीटवर होते, मला सगळं ऐकू येत होतं. "पोरीची चूक न्हाई, साहेब. माझं माप चुकलं," काका म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तोंड उघडायला तीच वेळ होती आणि मी गप्प बसले. मला भीती वाटली, दुसरं काय.

त्यानंतर गुदामाचं शटर उघडलं नाही. पोरांना काका म्हणाले, परभणीला जावा, तिथं चांगले लोक हायेत. ते मोंढ्यातही जाईनासे झाले. मार्चमध्ये काकू बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "कान तपासून आले गं तुझे काका. डॉक्टरनं डब्यात बसवून पिपाण्या वाजवल्या, समद्या ऐकू आल्या. पन ह्येंचा इश्वास बसंना. म्हनतेत, माझा कान गेलाय. काट्यावर उभं ऱ्हायचं इमान न्हाई राहिलं माझ्यात."

मी भाजीची पिशवी तशीच हातात घेऊन त्यांच्या घरी गेले. काका ओसरीवर बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, मी दर रविवारी परभणीला जात होते. ते ओरडतील असं वाटलं, मारलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं.

"किती रविवार?"

"पाच."

काका म्हणाले, "म्हंजी मला बराबर ऐकू यायलं होतं."

"हो, काका."

"तू न्हाई म्हनलीस, म्हनून मी माझ्या कानाला खोटं पाडलं, माय."

ते उठले, पायाने चाचपून चपला घातल्या आणि किल्ली घेऊन गुदामाकडे निघाले. आठवडाभरात सगळी पोरं परत आली. मीही गेले. काकांनी मला नाही म्हटलं नाही. वडिलांशी काय बोलले कुणास ठाऊक, पण त्यांनी मला आणखी एक वर्ष दिलं. त्या वर्षभरात काकांनी माझ्यावर इतकी मेहनत घेतली की पुढच्या राज्य स्पर्धेत मी तिसरी आले. त्या पदकावर लागलेली नोकरी मी आजही करते.

फक्त एक बदललं. दर सोमवारी ते सगळ्यांना विचारायचे, कुठं मोजून आलास का. ऊसतोडीहून परतलेल्या वैशालीलाही विचारायचे. माझ्यापाशी आले की नुसते पाठ करून उभे राहायचे, ऐकायचे, दुसऱ्या दिवशीचा आकडा सांगायचे आणि पुढे जायचे. आमच्या घरी येणंही थांबलं. सुरुवातीला मी खूश झाले. काकांनी मला माफ केलं, आता माझ्यावर शंका घेत नाहीत, असं मी मैत्रिणींना फुशारकीने सांगितलंसुद्धा. मी काय उत्तर देईन याला त्यांच्या लेखी किंमत उरली नव्हती, हे कळायला मला फार उशीर लागला.

दोन वर्षांपूर्वी काका अंथरुणाला खिळले, तेव्हा मी दवाखान्यात भेटायला गेले. त्यांनी सुनेला विचारलं, गोळी कोणती दिलीस. नर्सला विचारलं, सुई नवी हाय का. शेजारच्या पलंगावरच्या माणसालाही काहीतरी विचारलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "बस, माय." मी बसले. मला काहीही विचारा, काका, असं मनात म्हणत दिवेलागणीपर्यंत तिथे बसून राहिले. त्यांनी काही विचारलं नाही.