कपाटाच्या फळीवरचा स्टँड

लातूरचा वेगळा जिल्हा झाला आणि त्याच सुमाराला माझं लग्न झालं. नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती. माझ्या नवऱ्याला उस्मानाबादेहून तिथं कारकून म्हणून पाठवलं होतं. विहारात लग्न लागलं आणि आठवड्याभरात मी एक ट्रंक, एक व्हायोलिन आणि एक घडीचा लोखंडी स्टँड घेऊन नांदेडहून लातूरच्या एसटीत बसले.

व्हायोलिनचं ऐकून सासरच्यांनी भुवया उंचावल्या होत्या. माझे वडील मुदखेडला रेल्वेत पॉईंटमन. आमच्या शाळेच्या बँडला शिकवायला नांदेडहून एक म्हातारे मास्तर येत. तरुणपणी ते हैदराबादेत बँडमध्ये वाजवायचे. त्यांनी माझी बोटं बघितली आणि वडिलांना म्हणाले, "इस बच्चीकू मेरे पास भेजो." तेव्हापासून दर रविवारी मी पॅसेंजरनं नांदेडला जायची. नदीकडच्या गल्लीत त्यांची खोली होती. पाच रेघांवर लिहिलेले सूर वाचायला त्यांनी मला शिकवलं, आणि वाजवायचं ते उभं राहूनच. मी मांडी घालून बसले की ते चिडायचे. "सूर पोट से आता बेटी, पोट दबाई तो क्या आएगा?" लग्नात त्यांनी स्वतःचा स्टँड मला दिला. तीन पाय, वर सरकणारी दांडी आणि तिच्यावर कागद ठेवायची पत्र्याची चौकट.

लातुरात आमची एकच खोली होती, तिच्याच कोपऱ्यात चूल. त्या वर्षी पाऊस झालाच नाही. नळाला कधी पाणी येईल याचा नेम नव्हता, म्हणून जमिनीवर जिथं जागा दिसेल तिथं पाणी भरलेलं. दाराशी दोन पिंप, भिंतीकडेनं घागरी, पलंगाखाली बादल्या, उंबऱ्याच्या आत हंडे. चालायचं तर पाऊल तिरकं टाकावं लागे. पलंग आणि लाकडी कपाट यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी फट उरली होती. तिथं माझे पाय मावत, स्टँडचे तीन पाय मावत नसत. मी व्हायोलिन ट्रंकेत घातलं आणि ट्रंक पलंगावर उशाशी ठेवली.

आमचं दोघांचं अजून नीट बोलणंही होत नव्हतं. ते पहाटे उठून पाण्याच्या रांगेत जात, मग कचेरीत. संध्याकाळी आले की मी ताट वाढायची. एक दिवस जेवता जेवता ते म्हणाले, "तुमच्या घरी मी आलो होतो तवा तू वाजवलं होतं. इथं का वाजवत न्हाईस?"

"कागद कुठं ठेवू? जागा कुठंय?"

रविवारी सकाळी बघते तर स्टँडच्या पायांतून दांडी उपसून घेऊन खिडकीशी उभे.

"काय करून राहिलात?"

"बघ तर."

सुतळीनं त्यांनी दांडी खिडकीच्या गजाला बांधली. मी वाजवायला उभी राहिले, पण उजेड कागदाच्या मागून येत होता. सूर काळे, कागदही काळा. मग त्यांनी सुतळी सोडून दांडी कपाटाच्या दाराला बांधली. तिथं उजेड चांगला पडायचा, पण व्हायोलिनवर गज जरा जोरात ओढला की दार आपोआप उघडायला लागायचं आणि कागद माझ्यापासून हळूहळू दूर जायचा. मी वाजवत वाजवत त्याच्यामागं मान वळवत गेले आणि शेवटी हंड्याला अडखळले. अर्धा हंडा सांडला. त्या दिवसांत अर्धा हंडा म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं. मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं. त्यांना हसू आवरेना. मग मलाही आवरेना. फडक्यानं पाणी टिपून बादलीत पिळताना आम्ही लग्नानंतर पहिल्यांदा एकत्र हसलो.

पुढच्या रविवारी ते लोखंडी पलंग बनवणाऱ्याकडून एक क्लँप करून घेऊन आले. खाली फळीला घट्ट धरणारा स्क्रू, वर दांडी घालायला नळीचा तुकडा. आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी कपाटाचं एक दार बिजागऱ्यांसकट काढून पलंगाखाली सारलं.

"अहो, तुमचे शर्ट! सगळी धूळ बसंल."

"बसू दे."

कचेरीत इस्त्रीचा शर्ट घालून जाण्याची त्यांना फार हौस होती, म्हणून ते माझ्या मनाला लागलं. लाकूड चेपू नये म्हणून त्यांनी सायकलच्या ट्यूबचे तुकडे मध्ये घातले आणि क्लँप मधल्या फळीला आवळला. मग मला त्या फटीत उभं केलं. "सरळ बघ. हलू नको." माझ्या डोळ्यांसमोर हात आडवा धरून त्यांनी चौकटीची उंची ठरवली. इतक्या जवळून त्यांनी माझ्याकडे तोवर कधी बघितलं नव्हतं. मी हलले नाही.

त्यानंतर संध्याकाळी मी वाजवायची आणि ते पलंगावर बसून पानं उलटायचे. त्यांना एकही सूर वाचता येत नव्हता. मी मान हलवली की पान उलटायचं, एवढंच ठरलेलं. कधी मी नुसतीच मान हलवायची आणि ते गडबडीनं पान उलटायचे. मग पुन्हा मागं.

उन्हाळ्यात मास्तर आम्हाला भेटायला आले. हातात व्हायोलिनची पेटी, चेहरा उन्हानं लाल. आल्या आल्या मी त्यांना पाणी दिलं तर अर्धाच पेला प्यायले. मग स्टँड बघितला, क्लँप हलवून बघितला, आणि मला म्हणाले, "बजाव." मी चार ओळी वाजवल्या. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे वळून सांगितलं, "दो उंगली नीचे लेव बेटा. इसका कंधा चढरा." यांनी लगेच स्क्रू सैल करून चौकट खाली घेतली. खांदा खरंच उतरला.

दोघांना उभं राहायला जागा नव्हती. मास्तर पलंगावर बसले, आयुष्यात पहिल्यांदा बसून वाजवत असतील, आणि दोन व्हायोलिनांची एक धून आम्ही सुरू केली. निम्म्यात आलो तोच गल्लीत ओरडा झाला, "टँकर! टँकर आला!" मी व्हायोलिन पलंगावर टाकलं, घागर उचलली. हे दोन बादल्या घेऊन पुढं पळाले.

रांगेत उभी असताना मला ऐकू आलं. मास्तर थांबले नव्हते. ते उठून माझ्या फटीत उभे राहिले असणार, कारण ते आता त्यांचा भाग वाजवत नव्हते, माझा वाजवत होते. बादल्यांच्या खणखणाटातून, बायांच्या भांडणातून तो सूर येत होता. माझ्या मागं आमची घरमालकीण उभी होती. तिनं मला बघितलं आणि दचकली.

"अगं, तू हितं? मग वाजवतंय कोन?"

"माझे मास्तर."

"मला वाटलं तूच हाईस."

घागर भरून घरी येईपर्यंत धून संपली होती. मास्तर कपाळाचा घाम पुसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते नांदेडला गेले. पुढं लेकीकडे हैदराबादला गेले आणि तिकडेच वारले. आम्हाला कळलं ते पुष्कळ उशिरा. कळलं त्या संध्याकाळी यांनी पहिलं पान चौकटीत लावलं आणि पलंगावर बसून राहिले. मला वाजवता आलं नाही. त्यांनीही आग्रह केला नाही.

पुढं पाऊस झाला, बदल्या झाल्या, बढती झाली. नांदेडला आम्ही घर बांधलं. त्यात माझ्यासाठी यांनी एक पूर्ण खोली ठेवली. ती फारच मोठी वाटायची मला. हे दारात उभे राहून विचारायचे, "हाय ना ऐसपैस?" मी हाव म्हणायची. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. त्या खोलीत मी अजून रोज थोडं वाजवते. दमले की खुर्चीवर बसते आणि पलंग नाही म्हणून उगाच रुखरुख वाटते.

परवा लेक आली होती. उन्हाळा, पाणी, टँकर असं काहीतरी बोलणं निघालं. मी म्हणाले, "ते लातूरचं वर्ष पुन्हा मिळालं तर मी आत्ता उठून जाईन."

"आई! त्या वर्षी माणसांना प्यायला पाणी नव्हतं. लोक त्याचं नाव काढत नाहीत."

"हाव, माहीत आहे. रांगेत मीच उभी होते."

"मग?"

मी नुसतीच मान हलवली, यांना पान उलटायला सांगायची तशी. तिनं चहा ठेवला, आणि आम्ही दुसरंच बोलायला लागलो.