उघड्या टपाची गाडी जानेवारीत घ्यावी

आमच्या गावात कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की तो बँकेत जायच्या आधी वायनो साल्मीच्या स्वयंपाकघरात जायचा. निदान गेल्या वर्षापर्यंत तरी जायचा. वायनो खिडकीशी बसलेला असे, समोर कॉफी आणि त्याच्या बायकोनं, हेल्मीनं, कापून ठेवलेला वेलदोड्याचा गोड पाव. कोणती गाडी घेऊ, असं आलेला माणूस विचारायचा आणि वायनो ते ऐकूनच घ्यायचा नाही. त्याच्या लेखी प्रश्न एकच होता, तो म्हणजे कधी घ्यायची.

"पिकअप ट्रक? आणि ऑक्टोबरात? डोकं फिरलंय का तुझं?" तो शेजारच्या उर्होला म्हणाला होता. "हरणांची शिकार तोंडावर आलीय. आत्ता अख्ख्या गावाला ट्रक हवाय. शिकार संपू दे, नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंगचं जेवण जिरू दे, मग जा."

"अरे पण माझा ट्रक आज बंद पडलाय, वायनो!"

"मग चाल. पोट उतरेल जरा."

फेब्रुवारी-मार्चमध्ये गाडीचं नाव काढायचं नाही, कारण तेव्हा करातले परत आलेले पैसे लोकांच्या खिशात खुळखुळत असतात आणि विकणाऱ्यांना त्याचा वास बरोबर लागतो. जायचं ते महिनाअखेरीला, आणि हवा भिकार असताना. उघड्या टपाची गाडी हवी असेल तर जानेवारीतच, विक्रीच्या गाड्यांच्या आवारात, लॉटवर, कमरेएवढा बर्फ साचलेला असताना. तेव्हा तिच्याकडे कुत्रंही ढुंकून बघत नाही. हे सगळं तो इतक्या ठामपणे सांगायचा की ऐकणाऱ्याला आपण आजवर खुळ्यासारखे जगलो असं वाटायचं. मलाही वाटलेलं आहे.

त्याचं दुसरं वेड म्हणजे मीठ. मिशिगनच्या या वरच्या टोकाला हिवाळा आला की अर्धं वर्ष मुक्काम ठोकतो आणि बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. हे मीठ टाकायचा ट्रक वायनोनं सगळी नोकरीभर चालवला. मागे फवारा सोडत जायचा आणि पुढे दिसणाऱ्या गाड्या मोजून कळवळायचा. मीठ पत्र्याला कसं खातं, दाराच्या खालच्या कडेपासून कशी सुरुवात होते, पाच-सहा हिवाळ्यांत धडधाकट गाडीची चाळण कशी होते, हे त्यानं आयुष्यभर पाहिलं होतं. "गावातल्या निम्म्या गाड्या मी मारल्यात," असं तो हसून म्हणायचा, पण ते त्याला लागलेलं असायचं.

हेल्मीला या दोन्ही वेडांचं काही नव्हतं. तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घालण्यात जन्म काढला. तिला आयुष्यात एकच गाडी हवी होती, टप पाडता येईल अशी. लग्नाआधी डेट्रॉइटहून आलेल्या एका मावसबहिणीनं तिला अशा गाडीतून सरोवराकाठच्या रस्त्यानं दीपगृहापर्यंत नेलं होतं. जाताना डोक्याचा रुमाल उडून पाण्यात पडला, आणि ती पोट धरधरून हसली. तो दिवस ती कधी विसरली नाही. लग्नानंतर दर उन्हाळ्यात ती म्हणायची, "वायनो, बघ ना एखादी." आणि वायनो म्हणायचा, "आत्ता? जुलैत? आत्ता डोळे झाकून लुटतील आपल्याला. जानेवारीत बघू." जानेवारीत मग छप्पर गळायचं, बॉयलर जायचा, मुलीचं बाळंतपण निघायचं. पुन्हा जुलै यायचा. असं करत करत दोघं म्हातारी झाली.

गेल्या सप्टेंबरात हेल्मीचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. कॅन्सर होता आणि तो यकृतात पसरलेला होता. डॉक्टर तरुण बाई होती. दोघांसमोर तिनं खुर्ची जवळ ओढली आणि नीट सांगितलं, की औषधांनी त्रास कमी करता येईल, पण पुढचा उन्हाळा दिसेल असं मी म्हणू शकत नाही.

परत येताना हेल्मी बराच वेळ बाहेर बघत होती. मेपलची पानं लाल झाली होती, रस्ते कोरडे होते, ऊन कोवळं होतं. बड लारसनच्या जुन्या गाड्यांच्या लॉटवर पुढच्याच रांगेत एक गडद लाल, दोन दारांची, काळ्या कापडी टपाची, बिनबर्फाच्या दक्षिणेतून नुकतीच आलेली गाडी उभी होती.

"वायनो, थांबव."

त्यानं थांबवली. तिनं उतरून गाडीभोवती एक फेरी मारली आणि टपावरून हात फिरवला.

"ही घेऊ या."

"ऑक्टोबर आलाय गं," वायनो म्हणाला. "पानं बघायला शहरातली माणसं येतायत. बडच्या डोळ्यांत आत्ता नुसते डॉलर नाचतायत. जानेवारीत हीच गाडी तो पाया पडून देईल."

"आणि मी?"

"तू कुठे चाललीयस?" तो म्हणाला. "जानेवारीत घेऊ. मेमध्ये टप पाडून दीपगृहाला जाऊ. ठरलं."

कुणी म्हणेल काय हा कंजूष माणूस. मीही एकदा रागानं तसं म्हणालो आहे. पण गोष्ट पैशाची नव्हती. त्या दिवशी गाडी घेणं म्हणजे डॉक्टरीणबाईचं म्हणणं कबूल करणं होतं. घाई फक्त संपत आलेल्या माणसासाठी करतात, आणि हेल्मी संपत आलीय हे मानायची वायनोची छाती नव्हती. जानेवारीत घ्यायचं ठरवलं की जानेवारी तिला भाग होता. मेमध्ये फिरायचं म्हटलं की मेही आला. एवढंच त्या बिचाऱ्याच्या हातात होतं आणि त्यानं ते घट्ट धरून ठेवलं. हेल्मीला हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. ती पुन्हा गाडीत बसली आणि "बरं" म्हणाली.

जानेवारीत वायनो बडकडे गेला तेव्हा श्वास मिशीवर गोठत होता. लाल गाडी बर्फाखाली पार गडप झाली होती. फावड्यानं उकरून काढावी लागली.

"उघड्या टपाची गाडी? आज?" बड म्हणाला. "तुला ताप आलाय का, वायनो?"

"मला नको आहे खरं तर. म्हटलं, तुझी जागा अडलीय."

बडच्या ऑफिसात दोघं दुपार उलटेपर्यंत बसले. वायनो दोनदा टोपी घालून उठला, दोनदा बडनं त्याला हाताला धरून बसवलं. शेवटी ज्या भावात सौदा ठरला तो ऐकून उर्होनं कपाळाला हात लावला. गावात आठवडाभर त्याचीच चर्चा होती. वायनोनं गाडी चालवत आणली नाहीच. रस्त्यावर मीठ होतं ना! सपाट ट्रेलरवर चढवून आणली, फळ्या टाकून थेट गॅरेजात उतरवली, आणि स्वतःचा ट्रक बाहेर बर्फात उभा केला. हेल्मी खिडकीतून बघत होती आणि हसत होती.

"राणी आली का रे माहेरी?" ती ओरडली.

"चाक जमिनीला टेकू दिलेलं नाही तिचं!"

मग रोज संध्याकाळी एक नेम झाला. वायनो गॅरेजातला हीटर लावायचा, टप पाडायचा, हेल्मीला दोन गोधड्यांत गुंडाळून पुढच्या सीटवर बसवायचा आणि स्वतः स्टीअरिंगशी बसायचा. गाडी बंद, गॅरेजचं दार बंद, समोर भिंतीवर टांगलेली फावडी आणि शिडी. हेल्मी रस्ता सांगायची.

"हळू घे, वळण आलं. डाव्या हाताला पाणी दिसतंय."

"दिसतंय."

"तो बघ तुझा उर्हो, मासे धरतोय."

"त्याच्या गळाला कधी मासा लागलाय?"

ती हसायची आणि हसता हसता पोटावर हात दाबून थांबायची. दीपगृहापर्यंत ती एकदाही पोचली नाहीत. त्याआधीच ती दमायची आणि म्हणायची, "चल, परत फिरू."

मार्चच्या शेवटी एक भलताच दिवस उगवला. वारा पडला, ऊन चढलं, पागोळ्या गळायला लागल्या. रस्त्यावरचा बर्फ वितळून काळं डांबर दिसायला लागलं. हेल्मीला त्या दिवशी अंगात जरा जोर होता. ती स्वतः उठली, केस विंचरले, कपाटातून निळा रुमाल काढला आणि डोक्याला बांधून दारात येऊन उभी राहिली.

"वायनो, आज."

वायनो रस्त्यावर गेला. खाली वाकला, ओल्या डांबरावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. रस्त्यावर मीठ उरलंय का ते तो नोकरीभर असंच बघत आला होता. त्यानं चव घेतली, थुंकला आणि परत आला.

"मीठ आहे अजून," तो म्हणाला. "चांगला पाऊस होऊ दे गं एक-दोनदा. रस्ते धुऊन निघतील. मग जाऊ."

"एक दिवसानं काय होतंय तिला?"

"आतून लागतं ते. दिसत नाही, पण लागतं. इतकी जपलीय, आता थोडक्यासाठी कशाला?"

हेल्मी त्याच्याकडे बघत राहिली. भांडावं असं तिच्या मनात आलं असेल, पण भांडायला लागणारा जोर तिनं उठण्यात आणि केस विंचरण्यात खर्च केला होता. तिनं रुमाल सोडला, त्याची घडी घातली आणि पुन्हा एकदा "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी ढग आले, तिसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ.

तिच्या अंगात तसा जोर नंतर कधी आला नाही. एप्रिलमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा ती बैठकीच्या खोलीत आणून ठेवलेल्या दवाखान्याच्या पलंगावर होती आणि बराच वेळ झोपेतच असायची. मुलगी मिनियापोलिसहून येऊन राहिली होती. एकदा छपरावर पावसाचा आवाज वाढला तसा वायनो पलंगाशी वाकला.

"हेल्मी, ऐकतेस का? धुऊन निघतायत रस्ते. आता चार दिवस फक्त."

तिनं डोळे उघडले नाहीत. चार दिवसांनी दफन झालं. स्मशानातून परत आल्यावर लोक कॉफी घेत होते आणि वायनो दिसेना, म्हणून उर्हो बाहेर बघायला गेला. वायनो काळ्या कोटात रस्त्याच्या मधोमध उकिडवा बसला होता आणि बोट तोंडात होतं.

"नाही," तो उर्होला म्हणाला. "जराही नाही आता."

उर्होनं त्याला धरून आत आणलं.

मे आला तशी गावातल्या लोकांना गाडी आठवली. कुणाचा त्यात वाईट हेतू नव्हता. उर्होच म्हणाला, "वायनो, तूच सांगायचास ना, असली गाडी जानेवारीत घ्यायची आणि मेमध्ये विकायची? बक्कळ सुटतील." हे वायनोनंच सांगितलेलं होतं. शिवाय गॅरेजात जायची त्याला भीती वाटायची. पुढच्या सीटवरच्या गोधड्या मुलीनं काढून नेल्या होत्या, तरी भीती वाटायची. मग त्यानं एका सकाळी गाडी बाहेर काढून फाटकाशी उभी केली आणि काचेवर पाटी लावली.

दुपारीच एक तरुण जोडपं आलं. नवरा पाठीवर पडून बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला. बायको भोवती फिरत दाराच्या कडांवरून बोट फिरवत होती.

"अगं, इकडे ये!" नवरा खालून ओरडला. "गंजाचा ठिपका नाही! या गावातली गाडी आहे आणि गंज नाही!"

"खरंच?" बायको वायनोकडे वळली. "मीठ लागलंच नाही का हिला कधी?"

"नाही," वायनो म्हणाला. "एकदाही नाही."

"काय जपलीत हो तुम्ही!"

वायनो खाली बघत होता. घासाघीस त्यानं केलीच नाही. त्यांनी जो आकडा सांगितला त्याला मान हलवली. नवऱ्यानं टप पाडला. बायको पुढच्या सीटवर बसली आणि केस रबरबँडात बांधायला लागली, तेव्हा वायनो एकदम पुढे आला आणि त्यानं दाराची कड धरली.

"हिवाळ्यातही चालवा हिला," तो म्हणाला. "मीठ असलं तरी चालवा. मनात आलं की काढा. ऐकताय ना? गंजली तर गंजू दे."

म्हातारा गंमत करतोय असं दोघांना वाटलं. ती हसली आणि त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "छे हो, मिस्टर साल्मी! असं कसं? तुम्ही एवढी जपलीत, आम्हीही अगदी तुमच्यासारखीच जपू."

वायनोनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात गाडी सुरू झाली आणि त्याला दार सोडावं लागलं. फाटकाबाहेर ती डावीकडे वळली, सरोवराच्या रस्त्याला.