गळ्यातली दोरी

डेन्मार्कमधल्या एका संग्रहालयात काचेच्या पेटीत एक माणूस निजलेला आहे. दोनेक हजार वर्षं तो दलदलीत होता. तिथल्या पाण्याने त्याची कातडी कमावल्यासारखी झाली, म्हणून हनुवटीवरचे दाढीचे खुंटसुद्धा शाबूत आहेत. गळ्यात फासाची दोरी आहे. देवाला बळी दिला असावा, असं पाटीवर लिहिलंय.

"याची दोरी कुणी काढली नाही गं?" व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं.

आमच्याकडे माणूस गेला की कमरेचा करदोटा तोडतात. बांधलेला जीव पुढे कसा जाणार? आजोबा गेले तेव्हा रडणं बाजूला ठेवून आईने आधी कात्री शोधली होती.

"ती तशीच ठेवतात, आई."

"मग तू सांग की त्यांना. एवढी शिकलीस, त्यांची भाषा येते तुला."

घरातली पहिली पदवीधर मी, आणि मला त्याचा अभिमान आहे. मी खरंच पहारेकऱ्याला जाऊन विचारलं. तो अदबीने म्हणाला, "दोरी बघायलाच तर लोक येतात."

ज्यांनी त्याचा बळी दिला, तेही पिकापाण्यासाठी हात जोडून असेच भोवती उभे असतील. आता आम्ही फोन धरून उभे आहोत. तो मात्र तेव्हाही बांधलेला, आताही.

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

तालुक्याच्या कचेरीत आईने हे उत्तर पुष्कळदा ऐकलंय. तिने कॉल बंद केला नाही. मीही फोन खाली केला नाही, तिला त्याच्याकडे बघू दिलं.